विमानतळावरच री-एन्ट्री परमिट: थायलंडमध्ये राहणाऱ्यांसाठी

गणपतीच्या आठ-दहा दिवस आधी आमच्या बँकॉकमधल्या मराठी मंडळींच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर एक प्रश्न हमखास येतो. "परवा रात्रीची मुंबईची फ्लाइट आहे, री-एन्ट्री घ्यायचं राहूनच गेलं. आता काय करू?" निम्मे लोक लिहितात, सुट्टी टाक आणि इमिग्रेशन ऑफिस गाठ. उरलेले लिहितात, "एअरपोर्टवर मिळतं, टेन्शन नको." या दुसऱ्यांचं बरोबर आहे, मिळतं. पण ते कुठे मिळतं, कधीपर्यंत मिळतं आणि मिळाल्यावर काय तपासायचं, हे कुणी लिहीत नाही. ते इथे लिहिते आहे. मी स्वतः दोनदा विमानतळावरून परमिट घेतलं आहे, एकदा ठरवून आणि एकदा घाम फुटून.

आधी हे परमिट काय आहे ते नीट समजून घेऊ, कारण बहुतेक गोंधळ इथेच होतो.

आपण नोकरीसाठी येतो तेव्हा पासपोर्टवर किंवा ई-व्हिसाच्या कागदावर नॉन-बी व्हिसा असतो. घरच्यांचा नॉन-ओ. हा व्हिसा म्हणजे देशात शिरायची परवानगी, आणि तो साधारणपणे एकदाच वापरायचा असतो. शिरताना विमानतळावर ९० दिवसांचा शिक्का बसतो. मग कंपनी वर्क परमिट काढते, इमिग्रेशन ऑफिसात आपली फाइल जाते आणि वर्षभराचं एक्स्टेन्शन मिळतं. त्यानंतर आपण जे "माझा व्हिसा मार्चपर्यंत आहे" म्हणतो, तो खरं तर व्हिसा नसतोच. व्हिसा पहिल्या दिवशीच वापरून संपलेला असतो. हातात असते ती फक्त राहण्याची परवानगी, आणि ती परवानगी तुम्ही देशात असेपर्यंतच जिवंत असते. १९७९ च्या थाई इमिग्रेशन कायद्याच्या ३९ व्या कलमाचा अर्थ साध्या भाषेत असाच आहे: तात्पुरत्या परवानगीवर राहणारा परदेशी माणूस देशाबाहेर गेला की परवानगी संपली. मात्र जाण्याआधी त्याने परत येण्याची लेखी परवानगी घेतली असेल, तर उरलेली मुदत त्याच्यासाठी राखून ठेवली जाते.

एसटी थांबल्यावर सीटवर रुमाल टाकून चहा प्यायला उतरतो ना आपण, तो रुमाल म्हणजे री-एन्ट्री परमिट. रुमाल टाकला म्हणून प्रवास लांबत नाही, तिकीट जिथवरचं आहे तिथवरचंच राहतं. पण रुमाल न टाकता उतरलात तर सीट गेली, आणि कंडक्टर काही तुम्हाला आठवण करून द्यायला येत नाही.

हे शेवटचं फार महत्त्वाचं. बाहेर जाताना पासपोर्ट काउंटरवरचा अधिकारी "तुमचं परमिट दिसत नाही" असं सहसा म्हणत नाही. त्याचं काम बाहेर जाण्याचा शिक्का मारायचं, तो मारतो आणि पुढचा प्रवासी बोलावतो. परत येतानाही आता शंका येत नाही. पूर्वी भारतीय पासपोर्टवाल्याला व्हिसा नसेल तर व्हिसा ऑन अरायव्हलच्या वेगळ्या रांगेत उभं राहावं लागायचं, तिथे तरी काहीतरी चुकल्याचं ध्यानात यायचं. नोव्हेंबर २०२३ पासून भारतीयांना व्हिसाशिवाय प्रवेश मिळू लागला आणि तो अडथळाही गेला. म्हणजे परमिट विसरलेला माणूस हसतमुखाने विमानात चढतो, हसतमुखाने उतरतो, त्याला पर्यटकाचा शिक्का मिळतो आणि तो सोमवारी ऑफिसला जातो. चूक उघडकीला येते ती नव्वद दिवसांच्या रिपोर्टिंगला, म्हणजे दर नव्वद दिवसांनी इमिग्रेशनला आपला पत्ता कळवावा लागतो तेव्हा, किंवा एक्स्टेन्शनच्या वेळी.

मग पुढे काय? नॉन-बी पुन्हा पहिल्यापासून. कंपनीची कागदपत्रं पुन्हा, एकतर देशाबाहेरच्या थाई दूतावासामार्फत नाहीतर इथल्या ऑफिसात टीएम ८७ फॉर्म भरून २,००० बाथ देऊन, आणि मग एक्स्टेन्शनचे १,९०० बाथ वेगळे. घरच्यांचे नॉन-ओ तुमच्या परवानगीवर टेकलेले, त्यामुळे तेही कोसळतात. वर्क परमिट दाखवून इथे काही साधत नाही. ते कामगार मंत्रालयाचं, तुम्हाला काम करू देतं, देशात शिरू देत नाही. हे सगळं परमिटचे १,००० बाथ वाचवल्याबद्दल. ठरवून वाचवले असते तर निदान समाधान तरी, बहुतेकांनी विसरून वाचवलेले असतात.

कुणाला लागत नाही

व्हिसाशिवाय किंवा पर्यटक म्हणून आलेल्याला हे परमिट घेण्यात अर्थ नाही, तो पुन्हा येईल तेव्हा त्याला नवा शिक्का मिळेलच. मल्टिपल एन्ट्री व्हिसा असलेल्याला व्हिसाची मुदत आहे तोवर गरज नाही. लॅपटॉपवर काम करणाऱ्या तरुण मंडळींनी अलीकडे घेतलेला डीटीव्ही (डेस्टिनेशन थायलंड व्हिसा) पाच वर्षांचा मल्टिपल एन्ट्रीच आहे. दहा वर्षांच्या एलटीआर, म्हणजे दीर्घ मुक्कामाच्या व्हिसामध्ये ये-जा करण्याची परवानगी आधीच धरलेली असते, पैसे भरून थायलंड प्रिव्हिलेजचं सदस्यत्व घेतलेल्यांचंही तसंच. या लेखातलं तुम्हाला लागू आहे का, याची खूण एकच: तुम्ही इथल्या ऑफिसात जाऊन घेतलेल्या एक्स्टेन्शनवर राहता का? नोकरी, लग्न, निवृत्ती, शिक्षण, मुलांचं पालकत्व, कारण कुठलंही असो. उत्तर हो असेल तर परमिट लागणार. सिंगल एन्ट्री नॉन-बीवर येऊन पहिल्या ९० दिवसांतच दिवाळीला घरी जायचं असेल, तरीही लागणार.

सिंगल की मल्टिपल

सिंगल, म्हणजे एकाच फेरीचं, १,००० बाथ. मल्टिपल, म्हणजे कितीही फेऱ्यांचं, ३,८००. तीन फेऱ्यांपर्यंत सिंगल स्वस्त, चौथी फेरी असेल तर मल्टिपल. पण हा हिशेब वर्षभराचा न करता एक्स्टेन्शनच्या उरलेल्या मुदतीचा करायचा. परमिटची मुदत तुमच्या परवानगीच्या शेवटच्या तारखेपलीकडे एक दिवसही जात नाही. मार्चमध्ये एक्स्टेन्शन संपणार असेल आणि तुम्ही जानेवारीत मल्टिपल घेतलंत, तर दोन महिन्यांसाठी ३,८०० मोजले. ज्यांना कामासाठी दर महिन्याला सिंगापूर किंवा व्हिएतनामला जावं लागतं, त्यांनी एक्स्टेन्शन मिळाल्याच दिवशी, त्याच ऑफिसात मल्टिपल उरकावं. वर्षाकाठी गणपती आणि उन्हाळ्याची सुट्टी एवढंच ज्यांचं जाणं-येणं, त्यांना सिंगल पुरे.

इथेच एक चूक सांगून ठेवते, कारण जुन्या-जाणत्या माणसांकडूनही ती होते. गेल्या वर्षी मल्टिपल घेतलं, मग नवं एक्स्टेन्शन झालं, आणि डोक्यात "माझ्याकडे मल्टिपल आहे" एवढंच राहिलं. ते मल्टिपल जुन्या मुदतीबरोबर मेलं. नवं एक्स्टेन्शन म्हणजे नवं परमिट, दर वेळी.

आदल्या रात्री घरी काय करायचं

पासपोर्ट उघडा आणि एक्स्टेन्शनचा शिक्का शोधा. त्यावरची शेवटची तारीख आणि तुमची परतीची तारीख शेजारी-शेजारी ठेवा. परतीचं तिकीट त्या तारखेच्या नंतरचं असेल तर परमिट घेऊन काही उपयोग नाही, रुमाल टाकलात पण गाडीच डेपोत गेली. अशा वेळी जाण्याआधी एक्स्टेन्शन उरकता येतं का ते पाहा. मुदत संपायच्या ३० दिवस आधीपासून अर्ज घेतात. आणि अर्ज केला असून पासपोर्टवर "विचाराधीन" असा महिन्याभराचा शिक्का असेल, तर ज्या ऑफिसात अर्ज दिला तिथे विचारल्याशिवाय तिकीट काढू नका.

फॉर्मचं नाव टीएम ८. हे टीएम म्हणजे "तॉ मॉ", थाई भाषेत इमिग्रेशनच्या नावाची दोन आद्याक्षरं. थाई माणसाला इमिग्रेशन म्हणून कळलं नाही तरी तॉ मॉ म्हटलं की कळतं. फॉर्म इमिग्रेशनच्या संकेतस्थळावरून उतरवून घ्या आणि घरीच भरा. विमानतळावरही मिळतो, पण तिथे उभ्या-उभ्या, एका हातात पोराचा हात धरून भरण्यापेक्षा घरच्या टेबलावर पाच मिनिटं बरी. त्यात अवघड काही नाही: नाव, जन्मतारीख, पासपोर्टचे तपशील, शेवटचं आगमन कधी झालं, इथला पत्ता, कुठे चाललात, कधी परत येणार, सिंगल की मल्टिपल. दोन ठिकाणी मराठी माणूस अडखळतो. एक, नाव. आपल्या पासपोर्टवर वडिलांचं किंवा नवऱ्याचं नाव पहिल्या नावाला जोडलेलं असतं. फॉर्मवर ते पासपोर्टवर आहे तसंच लिहायचं, कंपनीत कसं लिहितात ते विसरायचं. दोन, शेवटच्या आगमनाची तारीख. ती एक्स्टेन्शनच्या शिक्क्यावरची तारीख नाही, तुम्ही शेवटचं देशात कधी शिरलात त्या शिक्क्यावरची आहे.

फोटो ४ × ६ सेंटिमीटर. भारतातून आणलेले चौकोनी फोटो याला बसत नाहीत. कुठल्याही मॉलमधल्या फोटोवाल्याला सांगितलं की पंधरा मिनिटांत देतो, सहा-आठ काढून पाकिटात ठेवा, वर्षभर कुठे ना कुठे लागतातच.

झेरॉक्स: पासपोर्टचं फोटोचं पान, सध्याच्या एक्स्टेन्शनचं पान, शेवटच्या आगमनाच्या शिक्क्याचं पान. प्रत्येकीवर खाली निळ्या शाईने सही. सगळ्या काउंटरवर सगळ्या प्रती मागतात असं नाही. पण विमानतळाच्या त्या हॉलमध्ये झेरॉक्सचं दुकान शोधायची वेळ आली तर कसं वाटतं, हे मी अनुभवलं आहे.

पैसे रोख, बाथमध्ये. सुरक्षा तपासणीच्या पलीकडे एटीएम शोधत बसू नका. माणशी १,००० आणि वर थोडे सुटे. अनेकदा तिथेच फोटो काढून, फॉर्म भरून द्यायची सोय असते, तिचे माणशी २०० बाथच्या आसपास वेगळे पडतात. तुमचा फॉर्म तयार असेल, फोटो चिकटवलेला असेल तर तसं आधीच, हसून आणि स्पष्ट सांगा. तरीही आग्रह झाला तर मी वाद घालत नाही. विमान सुटायला दीड तास राहिलेला असताना २०० बाथची लढाई लढायची नसते.

विमानतळावर

टॅक्सीवाल्याला "सुवर्णभूमी" म्हणालात तर तो तुमच्याकडे पाहतच राहील. बँकॉकच्या या मुख्य विमानतळाचं नाव आपल्याच संस्कृतातलं, पण उच्चार "सुवन्नफूम". एअरएशिया किंवा लायनची फ्लाइट असेल तर ती बहुधा दुसऱ्या विमानतळावरून, डॉन मुआंगहून सुटते. तिकीट पाहून निघा. परमिटची सोय दोन्हीकडे आहे, फुकेत आणि चियांग मायलाही आहे. सुवर्णभूमीवर रात्री-अपरात्रीच्या उड्डाणांच्या वेळीही काउंटर चालू असतो, आणि आपली बरीच विमानं त्याच वेळची. लहान विमानतळांवर मात्र काउंटर उड्डाणांच्या वेळापत्रकाप्रमाणे उघडतात आणि मल्टिपल मिळेलच याचा भरवसा धरू नये. रस्त्याने लाओस, कंबोडिया किंवा मलेशियात जाणाऱ्यांनी तर सीमेवर विसंबूच नये, आधी ऑफिसातून घ्यावं.

सुटण्याच्या तीन तास आधी पोहोचा. काम पंधरा मिनिटांत होतं, कधी पाऊण तासही लागतो, आणि तुमच्या पुढे एखादं आठ जणांचं कुटुंब असेल तर विचारू नका. सोंगक्रानच्या, म्हणजे एप्रिलच्या मध्यावरच्या सुट्टीत आणि डिसेंबरच्या शेवटच्या आठवड्यात आणखी अर्धा तास धरा.

क्रम असा. आधी चेक-इन, सामान देऊन टाका, बोर्डिंग पास हातात घ्या. त्याशिवाय आत सोडत नाहीत. मग सुरक्षा तपासणी. ती पार झाली की समोर पासपोर्ट तपासणीचा हॉल येतो, काउंटरच्या लांबच लांब रांगा. इथे थांबा. गर्दी ज्या दिशेने जाते आहे तिकडे पाय आपोआप वळतात, ते वळू द्यायचे नाहीत. "री-एन्ट्री परमिट" अशी इंग्रजी पाटी शोधा. ती हॉलच्या कडेला असते आणि गर्दीत चटकन दिसत नाही. नाही दिसली तर रांग लावणाऱ्या कर्मचाऱ्याला पासपोर्टवरचं एक्स्टेन्शनचं पान दाखवून नुसतं "री-एन्ट्री?" विचारा, तो बोटाने दाखवतो. जागा अधूनमधून हलते, म्हणून खांब क्रमांक वगैरे मी देत नाही.

सगळ्या लेखातलं एकच वाक्य लक्षात ठेवायचं असेल तर ते हे: परमिट आधी, बाहेर जाण्याचा शिक्का नंतर. शिक्का बसला की तुम्ही कायद्याने देशाबाहेर आहात. मग शुल्क-मुक्त दुकानांपाशी उभं राहून आठवलं तरी उपयोग नाही. आणि आता यात एक नवा सापळा आला आहे. चिप असलेल्या पासपोर्टवाल्या परदेशी प्रवाशांना बाहेर जाताना स्वयंचलित गेट वापरता येतं. भारताचेही नवे पासपोर्ट चिपवाले येऊ लागले आहेत. पासपोर्ट टेकवला, कॅमेऱ्याकडे पाहिलं, दार उघडलं, झालात बाहेर. ना माणूस, ना प्रश्न. रांग नाही म्हणून तिकडे पळू नका. परमिट हातात पडल्यावर खुशाल पळा.

काउंटरवर पासपोर्ट, फॉर्म, फोटो, प्रती, बोर्डिंग पास आणि पैसे एकदम द्या. सिंगल की मल्टिपल ते तोंडानेही सांगा, फॉर्मवरची खूण नजरेतून सुटू शकते. समोरच्या खुर्चीत बसवतील, थोड्या वेळाने पासपोर्ट परत येईल. पावती आली असेल तर ती फाइलला लावून ठेवा, कंपनी पैसे परत देत असेल तर तीच लागते.

पासपोर्ट हातात आला की तिथेच, काउंटरसमोर उभं राहून तीन गोष्टी पाहा. परमिटचा शिक्का खरंच बसला आहे. त्यावर सिंगल किंवा मल्टिपल जे मागितलं तेच आहे. आणि त्यावरची शेवटची तारीख तुमच्या एक्स्टेन्शनच्या तारखेशी जुळते आहे. जुळत नसेल तर लगेच दाखवा. मागे पाच जण उभे आहेत म्हणून आपण संकोचतो. तो संकोच चहाच्या वेळी करावा, इथे नाही. त्या पानाचा मोबाइलवर फोटो काढून ठेवा. आता पासपोर्टच्या रांगेत जा.

घरातली सगळी माणसं मोजा

माझा घाम फुटला तो प्रसंग इथला. मी नोकरीवर, नवरा आणि मुलगी माझ्यावर अवलंबून, म्हणजे नॉन-ओवर. एका वर्षी माझं री-एन्ट्री कंपनीच्या एजंटाने एक्स्टेन्शनबरोबरच उरकलं. मी पासपोर्ट आणला, शिक्का पाहिला, कपाटात ठेवला. "आपलं री-एन्ट्री झालंय" असं घरी सांगितलं. त्या "आपलं"मध्ये फक्त मीच होते, हे टॅक्सीत कळलं. नवरा सहज पासपोर्ट चाळत होता आणि म्हणाला, "अगं, माझ्यावर तो शिक्का कुठेय?" दोघांचं विमानतळावर केलं. फोटो नव्हते, प्रती नव्हत्या, रोख रक्कमही मोजून-मापून निघाली. मुलगी चार वर्षांची, तिचा फोटो काढताना ती डोळे मिटायची. विमान मिळालं, पण पळत.

प्रत्येक पासपोर्टला वेगळं परमिट, वेगळा फॉर्म, वेगळे १,००० बाथ. तान्ह्या बाळालाही. चौघांचं कुटुंब असेल तर सिंगलचेच ४,००० होतात, तेवढी रोख न्या. नोकरी करणाऱ्याचं कंपनी करते तेव्हा घरच्यांचंही केलंय का, हे विचारून घ्या. आणि बायको-मुलं उन्हाळ्यात आधी जाऊन तुम्ही मागाहून जाणार असाल, तर त्यांना ही सगळी माहिती द्या. नॉन-ओवरच्या बायकांना घरात "ते तू बघ" एवढंच ऐकायला मिळालेलं असतं, आणि विमानतळावर काउंटरसमोर त्याच एकट्या उभ्या असतात.

परत येताना

मुंबईच्या चेक-इन काउंटरवर एक ठरलेला संवाद होतो. कर्मचारी पासपोर्ट चाळतो, व्हिसाचं स्टिकर काढतो आणि म्हणतो, "मॅडम, व्हिसा एक्स्पायर झालाय. रिटर्न तिकीट दाखवा." त्याची चूक नाही. स्टिकरवर मुदत गेलेलीच आहे आणि बऱ्याचदा त्यावर "वापरला" असा शिक्काही असतो. त्याला आधी एक्स्टेन्शनचं पान दाखवायचं, मग परमिटचं. दोन्हीवर एकच तारीख आहे हे बोटाने दाखवलं की तो सुपरवायझरला विचारून येतो आणि बोर्डिंग पास देतो. त्या पानांना छोटी रंगीत चिठ्ठी लावून ठेवली तर तुमचे आणि मागच्यांचे पाच मिनिटं वाचतात.

थायलंडचं डिजिटल आगमन कार्ड १ मे २०२५ पासून सगळ्या परदेशी लोकांना भरावं लागतं, परमिट असलेल्यांनाही. विमानात वाटायचे तो कागद गेला. पोहोचण्याच्या आधीच्या तीन दिवसांत ऑनलाइन भरायचं, पैसे लागत नाहीत. पैसे मागणारं संकेतस्थळ दिसलं तर ते सरकारी नाही, बंद करा.

उतरल्यावर परदेशी पासपोर्टच्या रांगेत. पासपोर्ट देताना परमिटचं पान उघडून द्या आणि म्हणा, "री-एन्ट्री." हा एक शब्द फार कामाचा. अधिकारी दिवसभर शेकडो भारतीय पर्यटकांचे शिक्के मारत असतो, त्याचा हात सवयीने पर्यटकाच्या शिक्क्याकडे जाऊ शकतो. पासपोर्ट परत मिळाला की काउंटर न सोडता पाहा: तुमच्या व्हिसाचा प्रकार बरोबर आहे का, आणि राहण्याची शेवटची तारीख एक्स्टेन्शनचीच आहे का. तीच असली पाहिजे, एक दिवस कमी नाही, जास्त नाही. चुकीची तारीख तिथल्या तिथे दोन मिनिटांत दुरुस्त होते. लक्षात न येता महिने गेले तर कागदोपत्री तुम्ही मुदतीपेक्षा जास्त राहिलेले ठरता. त्याचा दंड दिवसाला ५०० बाथ, जास्तीत जास्त २०,०००, आणि ९० दिवसांवर गेलं तर प्रवेशबंदीची भानगड. चूक त्यांची होती हे सिद्ध करण्याचा ताप वेगळाच.

सिंगल परमिटवर "वापरला" असं होऊन ते संपतं. पुढच्या वेळी पुन्हा नवं.

घरी पोहोचल्यावर कॅलेंडरवर एक तारीख बदला. नव्वद दिवसांच्या रिपोर्टिंगची मोजणी परत आलेल्या दिवसापासून नव्याने सुरू होते, जुनी चिठ्ठी पासपोर्टमध्ये असली तरी ती तारीख गेली. परदेशी माणूस घरी राहतो आहे हे घरमालकाने इमिग्रेशनला कळवायचं असतं, त्या टीएम ३० च्या सूचनेबाबत, त्याच पत्त्यावर री-एन्ट्रीवर परतलेल्यांना २०२० पासून सूट आहे. पण प्रत्येक विभागाचं ऑफिस ती आपापल्या पद्धतीने वाचतं, म्हणून आपल्या ऑफिसात एकदा विचारलेलं बरं.

विमानतळ की ऑफिस?

वेळ असेल तर मी अजूनही ऑफिसातूनच घेते. शुल्क तेच. बँकॉकवाल्यांना चेंग वत्तनाच्या सरकारी संकुलात जावं लागतं, दुपारी १२ ते १ जेवणाची सुट्टी असते, आणि सकाळी साडेआठला पोहोचलं तर काम चटकन होतं. चूक झाली तर दुरुस्त करायला दिवस हाताशी असतो. विमानतळाचं परमिट मी ठेवते ते शनिवारी रात्री गावाहून फोन येतो त्या दिवसासाठी. सांगलीत वडिलांना दवाखान्यात हलवलंय म्हटल्यावर सोमवारची वाट कोण पाहणार? अशा वेळी ही सोय आहे हे माहीत असणं, आणि पाकिटात चार फोटो, एक कोरा टीएम ८ आणि १,२०० बाथ बाजूला ठेवलेले असणं, एवढं पुरतं.

आणखी एक. सुट्टीत भारतात पासपोर्टचं नूतनीकरण करून घेणारे बरेच आहेत, इथल्यापेक्षा तिकडे सोपं वाटतं म्हणून. एक्स्टेन्शन आणि परमिट दोन्ही जुन्या पासपोर्टवर आहेत हे विसरू नका. अर्ज देतानाच सांगा की यात चालू परवानगी आहे. जुना पासपोर्ट रद्दचा शिक्का मारून परत मिळतो, तो डोंबिवलीच्या कपाटात राहता कामा नये. दोन्ही पासपोर्ट हातातल्या बॅगेत ठेवा, चेक-इनला दोन्ही दाखवा, इथे उतरल्यावर दोन्ही द्या, आणि मग आठवड्याभरात आपल्या इमिग्रेशन ऑफिसात जाऊन जुने शिक्के नव्या पासपोर्टवर चढवून घ्या.